बाळसे आणि वाढीची रेषा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नगर-सोलापूर रस्त्यावर कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे बाजारपेठेचे गाव आहे. येथे किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, अंगणवाडीत महिन्यातून एक दिवस वजनाचा असतो. आढ्याला किंवा भक्कम खुंटीला गोल तबकडीचा काटा टांगलेला, त्याखाली कापडी झोळी आणि झोळीत हातपाय झाडत रडणारे बाळ, हे दृश्य महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यात ओळखीचे आहे. सेविका काटा वाचते, आकडा नोंदवते. आई विचारते, "बरोबर आहे ना?" उत्तर बहुधा दोन शब्दांत मिळते, "हिरव्यात आहे." तेवढ्यावर समाधान मानून आई घरी परतते.

या दोन शब्दांत बरेच काही सांगितले जाते, आणि त्याहून महत्त्वाचे असे काही निसटूनही जाते. ते काय, हे समजण्यासाठी उदाहरणादाखल एकाच गावातील, एकाच वयाच्या दोन मुली कल्पाव्यात. पहिल्या वाढदिवशी दोघींचे वजन नेमके ७.४ किलो भरले. वर्षाच्या मुलीसाठी धोक्याची रेघ ७ किलोवर आहे, म्हणजे दोघीही हिरव्या पट्ट्यात. वहीत दोघींपुढे 'सर्वसाधारण' असाच शेरा. परंतु मागची पाने उलटली तर निराळीच गोष्ट दिसते. एकीचे जन्मतः वजन २.६ किलो होते. तिसऱ्या महिन्यात ती ४.८, सहाव्यात ६.१ आणि नवव्यात ६.९ किलो झाली. दुसरी जन्मली ३.२ किलोची. तिसऱ्या महिन्यात ५.८ आणि सहाव्यात ७.१ किलो, म्हणजे चांगले बाळसे धरलेली. नवव्या महिन्यात मात्र ७.३ आणि वर्षाला ७.४. पहिली मुलगी लहानखुरी आहे, पण आपल्या वाटेवरून न अडखळता चालली आहे. दुसरीची वाढ सहा महिन्यांपासून जवळजवळ थांबली आहे. या सहा महिन्यांत तिच्या वयाच्या मुलीचे वजन साधारण १ किलो ६०० ग्रॅमने वाढते. तिचे वाढले अवघे ३०० ग्रॅम.

डॉक्टरांनी लक्ष घालायला हवे ते या दुसऱ्या मुलीकडे. गावात काळजी केली जाते ती मात्र पहिलीची, कारण ती दिसायलाच बारीक.

रांगेतील जागा

हा फरक दाखवणारी मोजपट्टी म्हणजे पर्सेंटाइल. मराठीत तिला शततमक असा शब्द आहे, पण दवाखान्यात तो क्वचितच ऐकू येतो. कल्पना सोपी आहे. एकाच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाच्या क्रमाने एका रांगेत उभ्या केल्या, सर्वांत हलकी पहिली आणि सर्वांत वजनदार शेवटी, तर रांगेत जिचा जो क्रमांक तोच तिचा पर्सेंटाइल. पन्नासाव्या पर्सेंटाइलवरच्या मुलीपेक्षा साधारण निम्म्या मुली हलक्या आणि निम्म्या जड. पंधराव्यावर असलेल्या मुलीपेक्षा पंधराजणी हलक्या, उरलेल्या जड. रांगेत कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे असणारच. पाचव्या जागेवर उभी असलेली मुलगीही निरोगी मुलींच्याच रांगेत उभी आहे, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही.

याला अलीकडे एक कारण मिळाले आहे. महाराष्ट्रातील घराघरांत पर्सेंटाइल हा शब्द पोहोचला तो प्रवेश परीक्षांच्या निकालांतून. तेथे नव्व्याण्णव म्हणजे पेढे आणि चाळीस म्हणजे शोककळा. तोच कित्ता बाळाच्या बाबतीत गिरवला जातो. "आमचा ऐंशीवर आहे" असे अभिमानाने सांगितले जाते आणि "विसावा आला" म्हणून सुनेच्या दुधाला बोल लावला जातो. वास्तविक वाढीच्या तक्त्यात पन्नास ही उत्तीर्ण होण्याची खूण नाही आणि सत्त्याण्णव हे बक्षीसही नाही. पूर्वी ठिकठिकाणी भरणाऱ्या सुदृढ बालक स्पर्धांनी 'गुटगुटीत म्हणजे निरोगी' हे समीकरण पक्के केले, त्याची छाया अजून पुसली गेलेली नाही.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा आहे, आणि तो अधिक नुकसान करतो. अंगणवाड्यांत अनेक वर्षे कुपोषणाच्या श्रेणी टक्क्यांवर ठरत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये केलेल्या वर्गीकरणात अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असलेले मूल सर्वसाधारण, ७१ ते ८० टक्के असल्यास पहिली श्रेणी, आणि त्याखाली दहा-दहा टक्क्यांच्या उतरंडीने चौथी श्रेणी असे. 'तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालके' हा शब्दप्रयोग जुन्या वाचकांना बातम्यांमधून आठवत असेल. यातील ८० टक्के म्हणजे ऐंशीवा पर्सेंटाइल नव्हे. वर्षाच्या मुलीचे मधले वजन ८.९ किलो आहे. त्याचे ८० टक्के काढले तर ७.१ किलो येतात, आणि ७.१ किलोची वर्षाची मुलगी रांगेत केवळ तिसऱ्या जागेवर असते. परीक्षेत ऐंशी टक्के ऐकून माणूस निर्धास्त होतो. तराजूवर तेच ऐंशी टक्के रांगेच्या अगदी टोकाला आणून सोडतात.

रांग कोणाची?

मग प्रश्न उरतो की ही शंभर मुले कोणती? तक्ता कोणत्या मुलांवरून काढला, यावर आपल्या बाळाचा क्रमांक अवलंबून असतो. विसाव्या शतकात जगभर चाललेले तक्ते बहुतांशी अमेरिकेतील होते. १९७७ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने काढलेल्या आणि नंतर अनेक देशांत वापरल्या गेलेल्या तक्त्यातील तान्ह्या मुलांचा भाग ओहायो राज्यातील एका छोट्या गावातील दीर्घकालीन अभ्यासावर बेतलेला होता, आणि त्यातील बरीच मुले बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारे मूल पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते आणि नंतर त्याचा वेग थोडा मंदावतो. बाटलीवरच्या मुलांच्या रेषेशी ताडून पाहिले की हे स्वाभाविक मंदावणेही घसरण वाटे. त्यामुळे 'दूध कमी पडते आहे' असे ठरवून पावडरचे डबे सुरू झाले, ते केवळ तक्त्याच्या दोषामुळे, असे प्रसंग थोडे नसावेत.

ही उणीव दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. निवड मुद्दाम काटेकोर ठेवली होती. आईचे दूध मिळालेली, आई धूम्रपान न करणारी, घरच्या गरिबीने वाढ खुंटलेली नाही, अशीच मुले घेण्यात आली. पोषण, आरोग्य आणि निगा नीट मिळाली तर पाच वर्षांपर्यंत या सहाही देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढते, असे त्यातून दिसून आले. एप्रिल २००६ मध्ये हे तक्ते प्रसिद्ध झाले. भारताने २००८ मध्ये ते अंगणवाड्यांसाठी स्वीकारले आणि मुलगा व मुलगी यांचे तक्ते वेगळे झाले. हा वेगळेपणा महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांच्या मुलाचे मधले वजन ७.९ किलो, तर मुलीचे ७.३. मुलाच्या तक्त्यावर मुलीचा ठिपका पडला तर निष्कारण चिंता, आणि मुलीच्या तक्त्यावर मुलाचा पडला तर फसवा दिलासा.

'आपल्याकडची मुले मुळातच लहान, त्यांना परदेशी माप कशाला?' हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात काही अंशी तथ्य आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो भरले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत आणखी एक गोष्ट आढळली. पुण्याकडची बाळे बारीक असली, तरी स्नायूंच्या मानाने त्यांच्या अंगातील चरबी फारशी कमी नव्हती. त्यांना 'बारीक, तरीही चरबीयुक्त' बाळे असे म्हटले जाऊ लागले. अशा बाळाला कसेही करून वरच्या रेषेवर नेण्याची घाई केल्यास वाढते ती मुख्यतः चरबी, आणि तिचे भोग पुढे मधुमेहाच्या रूपाने भोगावे लागण्याची भीती असते. म्हणूनच लहान जन्मलेल्या बाळाने पन्नासावी रेषा गाठली का, हे पाहण्यापेक्षा ते आपल्या रेषेशी समांतर चालले आहे का, हे पाहणे शहाणपणाचे.

परंतु या आक्षेपाचा आडोसा घेऊन साऱ्याच बारीकपणाला 'आपल्याकडे असेच' म्हणणे चुकीचे ठरेल. निरोगी मुलांच्या रांगेत वयाच्या मानाने कमी वजनाची म्हणून शंभरात दोन-तीन मुले भरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अशा मुलांचे प्रमाण ३६.१ टक्के होते. दोन-तीन आणि छत्तीस यांमधील अंतर आनुवंशिकतेने भरून निघत नाही.

हिरव्या पट्ट्यातील घसरण

आता त्या दोन शब्दांकडे परत यावे. अंगणवाडीच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि केशरी असे तीन पट्टे आहेत. पिवळा पट्टा सुरू होतो तो मधल्या वजनाच्या दोन प्रमाण विचलने खाली. रांगेच्या भाषेत ही जागा दुसरी-तिसरी. केशरी पट्टा तीन विचलनांखाली, जेथे निरोगी मुलांपैकी हजारात एखादेच आढळते. याचा अर्थ तिसऱ्या जागेपासून थेट शंभराव्यापर्यंतची सारी रांग एकाच हिरव्या रंगाखाली येते. गंभीर कुपोषित मूल हुडकून काढण्यासाठी हे पट्टे आखलेले आहेत आणि त्या कामी ते उपयोगी आहेत. पण पन्नासाव्या जागेवरून सहाव्या जागेवर आलेली मुलगी त्यांच्या दृष्टीने हललेलीच नसते. उदाहरणातील दुसरी मुलगी नेमकी अशी आहे. सहाव्या महिन्यात ती चाळिसाव्या जागेवर होती, नवव्यात सोळाव्यापाशी, वर्षाला सहाव्यापाशी. पिवळा रंग दिसेपर्यंत थांबले तर तिचे आणखी दोन-तीन महिने वाया जातील. दोन वर्षांच्या आतील हे महिने उंचीच्या आणि मेंदूच्या वाढीचे असतात, आणि त्यांची भरपाई नंतर पूर्णपणे होत नाही.

तक्ता वाचण्याची खरी रीत यामुळे रंगाच्या पलीकडची आहे. ठिपके जोडावेत आणि रेष कोणत्या दिशेने जाते ते पाहावे. छापील रेषांना समांतर वर चढणारी रेष चांगली, मग ती तिसऱ्या रेषेलगत असो की पंच्याऐंशीव्या. आडवी झालेली रेष म्हणजे इशारा. खाली वळलेली रेष म्हणजे तातडी. माता-बाल संरक्षण कार्डावरील तक्ता दिशा पाहण्यासाठीच दिलेला आहे, तथापि अनेक कार्डांवर ठिपके असतात आणि त्यांना जोडणारी रेघ मात्र ओढलेली नसते.

प्रत्येक वळणाला आजार समजू नये, हेही तितकेच खरे. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचे वजन एक दशांशापर्यंत घटू शकते आणि दोन आठवड्यांत ते पूर्ववत होते. याच दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांचा धीर सुटतो आणि वरचे दूध सुरू होते. पहिल्या दीड-दोन वर्षांत बाळ एखादी रेषा ओलांडून आपली स्वतःची जागा शोधते. मधुमेही आईचे वजनदार बाळ खाली सरकते, तर पोटात पुरेसे न वाढलेले बाळ वर चढते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की तक्त्यावर त्याचा ठिपका चार महिन्यांवर पडायला हवा, आणि ही सवलत दोन वर्षांपर्यंत द्यायची असते. मात्र एकाच दिशेने दोन छापील रेषा ओलांडणारी घसरण, किंवा लागोपाठ दोन महिने वजन जागच्या जागी राहणे, यांना कोणतेही स्पष्टीकरण आपण होऊन जोडू नये. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे.

घसरणीचे वय पाहिले तर बहुधा सहाव्या महिन्यानंतरचेच निघते. उष्टावण झालेली असते, पण उष्टावणाचा सोहळा आटोपला की वाटीत येते ते वरणावरचे पाणी, भाताची पातळ पेज, चहात बुडवलेले बिस्कीट. पोट भरते, अंगी मात्र काही लागत नाही. बाळाचे जठर लहान, त्यात पाण्याने जागा अडवली की सत्त्वाला जागा उरत नाही. चमचा तिरका केला तरी सहज ओघळणार नाही इतके घट्ट अन्न हवे. घोटलेले वरण आणि मऊ भात, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, बारीक केलेले शेंगदाण्याचे कूट, चालत असेल तेथे अंडे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला असे अन्न दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. जुलाब किंवा ताप येऊन गेला की पुढील दोन आठवडे एक वेळचे अधिक खाणे. यांत महाग असे फारसे काही नाही. लागतो तो वेळ, आणि शेतात मजुरीला जाणाऱ्या आईपाशी नेमका तोच नसतो.

कार्डावरची कोरी जागा

कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्याच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळी झाली की येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास, पट्टा पडल्यावर, परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. तान्हे मूल बरोबर जाते आणि फडाच्या कडेला, पाचटाच्या खोपीत वाढते. उदाहरणातील दुसरी मुलगी मे महिन्यात जन्मलेली समजावी. नोव्हेंबरात ती सहा महिन्यांची, ७.१ किलोची, हिरव्या पट्ट्यात मधोमध. आईवडील कारखान्यावर गेले. एप्रिलअखेर ते परतले आणि मे महिन्यात पुढचे वजन झाले, ७.४ किलो. पुन्हा हिरवा. वर सांगितलेले नवव्या महिन्याचे ७.३ किलो प्रत्यक्षात कोणी मोजलेलेच नसणार. कार्डावर दोन ठिपके आणि मध्ये सहा महिन्यांची कोरी जागा. ज्या काळात वाढ खुंटली, नेमका तोच काळ तक्त्यावर नाही.

या कोऱ्या जागेवर उपाय नाहीत असे नाही. स्थलांतरित मुलांना ज्या गावी ती असतील तेथील अंगणवाडीत वजन आणि आहार मिळू शकतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल प्रणालीत लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोयही आहे. परंतु फडावरची वस्ती गावापासून दूर, आईचा दिवस पहाटे सुरू होणारा, आणि कार्ड मात्र मूळ गावी पत्र्याच्या पेटीत ठेवलेले. निघताना रेशनकार्डाबरोबर बाळाचे कार्डही गाठोड्यात बांधले गेले, तर लसीकरणासाठी जवळच्या उपकेंद्रात जाणे होईल तेव्हा एखादा ठिपका तरी पडतो. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस ऊसतोडीच्या काळातच येणारी असेल, तर तो दिवस वजनासाठीही धरावा.

गावातील साध्या बायकांच्या हाती तराजू दिल्याने काय साधते, याचे उदाहरण मिरजगावला लांब शोधावे लागत नाही. शेजारच्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला तेथील बालमृत्यूचे प्रमाण प्रकल्पाच्या नोंदींनुसार हजारी १७६ होते. आरोळे दांपत्याने निवडलेल्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. तरी त्या मुलांची वजने करू लागल्या, आणि कोणाच्या घरात काय शिजते हे त्यांना आधीच ठाऊक होते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांकडून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या त्या धर्तीवर घरभेटी देतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते आणि झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते. म्हणजे पहिल्या दीड महिन्याचे सहा ठिपके, दारी चालून आलेले.

ठिपका मात्र खरा हवा. सहा महिन्यांच्या मुलीच्या तक्त्यावर तिसऱ्या आणि पंधराव्या रेषांत अंतर केवळ ६०० ग्रॅमचे आहे. हिवाळ्यात स्वेटर, टोपडे, दुपट्यासह बाळ झोळीत घातले, त्यातच हातात बिंदल्या, पायात वाळे आणि कमरेला चांदीची साखळी असली, तर त्यातील दोन-तीनशे ग्रॅम बाळाचे नसतात. पुढच्या उन्हाळ्यात तेच बाळ उघड्या अंगाने तोलले की वजन घटल्याचा भास होतो. झोळी रिकामी टांगून काटा शून्यावर आणणे, अंगावर कमीत कमी कपडे ठेवणे, बाळ शांत होऊन काटा स्थिरावल्यावर डोळ्यासमोर तबकडी धरून आकडा वाचणे आणि शक्यतो तोच काटा वापरणे, एवढी पथ्ये पुरतात. शंका आली तर त्याच वेळी पुन्हा वजन करावे. 'दृष्ट लागेल' म्हणून वजनच न करू देणारी आजी अजूनही एखाद्या घरात भेटते. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा काजळाची तीट लावून बाळ काट्याकडे न्यावे, हे अनुभवी सेविका जाणतात.

शहरात उलट टोक दिसते. घरातच विजेरी काटा असतो आणि रोज सकाळी बाळ त्यावर ठेवले जाते. दूध पिण्याआधी आणि नंतर, शी झाल्याआधी आणि नंतर वजन शंभर-दीडशे ग्रॅमने हलते. अशा रोजच्या आकड्यांतून रेष दिसत नाही, केवळ घालमेल वाढते. निरोगी बाळासाठी महिन्यातून एकदाचे वजन पुरेसे आहे.

शिवाय केवळ वजन हे अपुरे माप आहे. उंची खुंटलेले मूल बुटके असल्याने कमी वजनातही भरलेले दिसते, आणि उंच मूल योग्य वजन असूनही काटकुळे वाटते. म्हणून अंगणवाडीत आता लांबी किंवा उंचीही मोजली जाते आणि उंचीच्या मानाने वजन पाहिले जाते. तीव्र कुपोषणाचे निदान त्यावरून किंवा दंडाच्या घेरावरून होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात हा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असणे धोक्याचे. कधी कधी तर वजनाचा काटा सपशेल खोटे बोलतो. कुपोषणाने दोन्ही पावलांना सूज आली की अंगात साठलेल्या पाण्याने वजन वाढते, ठिपका वर जातो आणि मूल मात्र खंगत असते. बोटाने पाऊल दाबल्यावर खळगा तसाच राहिला, बाळ निपचित पडले किंवा अंगावर पिईनासे झाले, तर तक्ता पाहत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उदाहरणातील दुसऱ्या मुलीला मात्र मे महिन्यातील त्या वजनाच्या दिवशी रुग्णालयाची गरज नसेल. सेविकेने ७.१ आणि ७.४ हे दोन ठिपके पेन्सिलीने जोडावेत, ती जवळपास आडवी रेघ आईला दाखवावी आणि मधल्या सहा महिन्यांत बाळ काय खात होते, किती वेळा आजारी पडले, हे विचारावे. पुढचे वजन महिन्याने. वर्षाची मुलगी महिन्याला साधारण दोनशे ग्रॅमने वाढते. मागे पडलेली मुलगी भरपूर आणि घट्ट अन्न मिळाल्यास त्याहून वेगाने वाढू शकते. जूनच्या काट्यावर ७.७ किंवा ७.८ दिसले तर रेष पुन्हा वर वळली. ७.४ च राहिले, तर रंग हिरवा असला तरी तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि कार्ड बरोबर असू द्यावे.